उशिरा वाजलेला भोंगा

सुप्रिया ढेबे भित्री होती आणि ते ती लपवत नसे. एसटीत बसली की ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरायची, कारण तिथून पुढचा रस्ता दिसतो. शेगडी बंद केली तरी बटण दोनदा चाचपून बघायची. भोरच्या कॉलेजात तीन वर्षं संगणक शिकली. तिथं पेपर देण्याआधी आपला नंबर बरोबर लिहिलाय ना, हे चार-चार वेळा बघणारी ती एकटीच होती. पुढं कापूरहोळच्या चौकात एका दुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं काढली. आजूबाजूच्या धाब्यांची, गॅरेजांची बंद पडलेली मशीनं तिच्या हाती यायची. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्याकडं द्या. घाबरट आहे, एक स्क्रू विसरायची नाही."

मग गावातूनच बोलावणं आलं. मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत शिरलं की डोंगराच्या पायथ्याला जांभुळटेप लागतं. तिथल्या ग्रामपंचायतीला संगणक चालवणारं माणूस हवं होतं. सुप्रियाचं घर गावात नव्हतं, वर डोंगराच्या कुशीत ढेबेवस्तीवर होतं. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं, शेरडं आणि म्हशी. तिचे वडील म्हादूआबा उभा जन्म शेरडांमागं हिंडलेले. आई पारूबाई.

वस्तीच्या वरच्या अंगाला भेग पडलेली पहिल्यांदा म्हादूआबांनीच पाहिली. दोन वर्षांपूर्वी शेरडं घेऊन वर गेले असताना कारवीच्या झुडपांत जमीन उललेली दिसली. आत काठी घातली तर ती मुठीपर्यंत गेली. खाली येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "डोंगराचं काय खरं दिसत न्हाई."

त्यानंतर पुण्याच्या एका कॉलेजातल्या राजनंदिनीमॅडम आपली माणसं घेऊन आल्या. भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि मध्ये तार ताणून बांधली. तार किती ताणली, ते मोजणारी एक डबी बसवली. डबी ते माप बिनतारी ग्रामपंचायतीच्या संगणकाला कळवायची. माप ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की संगणक वस्तीतल्या खांबावरचा भोंगा वाजवणार आणि घरोघर फोन लावणार. मॅडमचा अंदाज असा, की तार जोरानं ताणली जाऊ लागली की डोंगर सुटायला निदान सात मिनिटं लागतील. जास्तही लागतील, पण सातच धरून चालायचं. वस्तीपासून पलीकडच्या शाळेच्या माळावर पोचायला वस्तीतल्या म्हाताऱ्या अंबूबाईला पाच मिनिटं लागत. तिचा गुडघा गेलेला होता. म्हणजे हाताशी उरली दोन मिनिटं.

दर सोमवारी भोंग्याची चाचणी व्हायची. मशीन जुनं, मेमरी तुटपुंजी. म्हणून सुप्रिया सोमवारी सकाळी ते एकदा बंद करून पुन्हा चालू करायची आणि लगेच चाचणीचं बटण दाबायची. बटण दाबलं की वर भोंगा वाजायचा. ती वहीत 'ठीक' लिहायची. असे बेचाळीस सोमवार झाले होते.

जुलैतल्या एका सोमवारी मशीन चालू केलं आणि दारात रांग लागली. शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरायची मुदत संपत आली होती. एकाचा अर्ज अर्धवट, दुसऱ्याचा फोटो चढत नाही, तिसऱ्याचा सातबारा शोधायचा. स्क्रीनवर वीस-बावीस खिडक्या उघडल्या. चाचणी राहूनच गेली. चार वाजता रांग सरली तेव्हा तिला आठवलं. तिनं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं नाही, घड्याळाकडं बघत राहिली. मशीनच्या पोटात डिस्क खरखरत होती. पंचायतीचा शिपाई गोरख दारात चहाचा कप घेऊन उभा होता, तोही कान देऊन ऐकू लागला. वरून भोंगा वाजला तेव्हा तीन मिनिटं आणि चाळीस सेकंद झाले होते.

"आळस आला आसंल त्याला," गोरख हसत म्हणाला. "दिसभर राबतंय बिचारं."

 सातातून तीन चाळीस गेले. उरले तीन वीस. अंबूबाई तेवढ्यात वाटेतला ओढासुद्धा ओलांडत नाही. ती खुर्चीत बसली आणि कधी काय घडलं याच्या मशीनमधल्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडून वाचू लागली.

राजनंदिनीमॅडमना फोन लागला तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "पाऊस आहे ना, रेडिओचा सिग्नल कमी पडला असेल."

"न्हाई मॅडम, हुकूमच उशिरा सुटलाय. मी लॉग बघितला. बटण दाबल्यावर सगळा वेळ मशीनमध्येच गेलाय."

"बेचाळीस वेळा चाचणी झाली आहे, सुप्रिया."

"झाली. पण बेचाळीसही वेळा मशीन चालू केल्या केल्या झाली."

 मग मॅडमनी तिला एकेक गोष्ट बघायला लावली. भोंग्याच्या प्रोग्रामची मेमरीतली किती पानं उचलून डिस्कवर टाकली आहेत, तो आकडा कुठं दिसतो ते सांगितलं. सुप्रियानं तो वाचला. प्रोग्रामचा जवळजवळ सगळा डेटा बाहेर होता. मेमरीत राहिला होता तेवढा दर सेकंदाला तारेचं माप वाचणारा तुकडा.

"मेमरी पानापानांनी वाटलेली असते, ते तुला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "मोकळी पानं कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम जुनी पानं काढून घ्यायला लागते."

"पण कुठलं काढायचं, हे ती कशावरून ठरवती?"

"प्रत्येक पानाला एक खूण असते. पानाला कुणी हात लावला की प्रोसेसर खूण करतो. सिस्टिम फेरी मारते आणि खुणा पुसत जाते. पुढच्या फेरीला खूण पुन्हा झालेली दिसली, तर पान वापरात आहे, राहू दे. नाही दिसली, तर ते पान बिनवापराच्या यादीत जातं. मग नड पडली की त्या यादीतून उचलते. प्रोग्रामचा नुसता कोड असेल तर सरळ टाकून देते, तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतो. डेटा असेल तर आधी डिस्कवर लिहून ठेवते, मग जागा घेते."

"आणि भोंगा वाजवायचा भाग?"

"त्याला सोमवारशिवाय कुणी हातच लावत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनाही ते आत्ताच उमगलं होतं.

सुप्रियाला सिस्टिमचा राग आला, पण राग धरायला काही जागा नव्हती. सिस्टिमला पुढचं दिसत नाही. जे आत्ता वापरलं तेच पुन्हा लागेल, एवढा तिचा अंदाज, आणि बहुतेक कामांना तो लागू पडतो. फक्त वर्षातून एकदाच, पण त्या क्षणी लागणारी गोष्ट तिच्या लेखी अडगळ होती. त्यातून मशीनची डिस्क म्हातारी. बटण दाबल्यावर एकेक पान तिथून शोधून आणायचं आणि त्याला जागा करायला अर्जाचं एखादं पान बाहेर काढायचं. तेवढ्यात अर्जाच्या खिडकीला तेच पान हवं व्हायचं. अशा ओढाताणीत तीन मिनिटं चाळीस सेकंद गेले होते.

"नवीन मशीन मागितलं आहे," मॅडम म्हणाल्या, "पण दिवाळीआधी येत नाही. मी प्रोग्रामच बदलून देते. आमची पानं हलवू नकोस, असं सिस्टिमला सांगता येतं. दोन-तीन दिवस दे मला."

बाहेर पाऊस कोसळत होता. दोन-तीन दिवस हे शब्द सुप्रियाला डोंगराएवढे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज भरणं बंद केलं. दाराला कागद चिकटवला. सरपंच कुंडलिकराव तासाभरात हजर झाले. "मुदत चार दिसांवर आलीय आन तू मशीन झाकून बसलीस? लोक माझ्या नावानं शंख करत्यात."

तिनं सगळं सांगितलं. कुंडलिकराव वाईट माणूस नव्हते, पण पानांची गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. "काल वाजला की भोंगा. उशिरा का हुईना, वाजला."

"उशिरा म्हंजी न वाजल्यासारखाच, तात्या."

शेवटी मधला मार्ग निघाला. अर्ज भरायचे, पण दर अर्ध्या तासाला सुप्रियानं चाचणी घ्यायची, म्हणजे त्या पानांना हात लागत राहील आणि सिस्टिम त्यांना जुनी समजणार नाही. भोंगा सारखा वाजला तर वस्तीतली माणसं त्याला किंमत देणार नाहीत. म्हणून संगणकाला जोडलेल्या, भोंग्याकडं हुकूम पाठवणाऱ्या दुसऱ्या डबीची पिन काढायची, बटण दाबायचं, पिन परत खोचायची. कल्पना तिचीच होती आणि तीच तिला जास्त भिववत होती.  पिन खोचली की ती मोठ्यानं म्हणायची, "लावली." गोरख ऐकायचा आणि म्हणायचा, "लावली, ताई."

तिसऱ्या दिवशी दुपारी वेल्ह्याहून साहेब आले. कागद दाखवणं, सह्या घेणं यात वेळ गेला. साहेबांना एसटीपर्यंत पोचवून ती परत आली आणि तिची नजर टेबलाकडं गेली. पिन लोंबत होती.

किती वेळ लोंबत होती, कुणास ठाऊक. पाऊण तास तरी. त्या पाऊण तासात वरती आई चुलीपुढं बसली असेल, आबा गोठ्यात असतील आणि त्यांच्या डोक्यावर उभ्या डोंगराला ओरडायला तोंडच नव्हतं. तिनं पिन खोचली. पहिल्या दोन वेळा ती बाजूला घसरली. मग भिंतीला पाठ लावून ती फरशीवर बसली. गोरखनं पाणी आणून दिलं. 

त्याच संध्याकाळी मॅडमनी नवा प्रोग्राम पाठवला. सुप्रियानं तो चढवला. कुलूप लावलेली पानं किती, याचा आकडा बघितला. शून्य. तिनं पुन्हा बघितलं. शून्यच. प्रोग्राम कुरकूर न करता चालू होता, आपली विनंती फेटाळली गेली आहे हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. सुप्रियाच्या जागी दुसरं कुणी असतं तर नवा प्रोग्राम बसला म्हणून घरी गेलं असतं.

"परवानगीची मर्यादा," मॅडम फोनवर म्हणाल्या. "एका प्रोग्रामनं किती पानं अडवून ठेवायची याला हद्द असते. नाही तर प्रत्येकजण सगळी मेमरी अडवून बसेल. ती हद्द आपल्याला वाढवावी लागेल. शिवाय नकार आला तर प्रोग्रामनं ओरडायला हवं होतं. ती चूक माझी."

एक ओळ बदलायची होती. सुप्रियानं ती बदलली, प्रोग्राम बंद करून चालू केला आणि आकडा बघितला. या वेळी भोंग्याची सगळी पानं मेमरीत अडकवलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तीस खिडक्या उघडल्या, मशीनला धाप लागेपर्यंत काम दिलं आणि बटण दाबलं. वरून लगेच भोंगा ऐकू आला. अर्जाच्या खिडक्या मात्र गोगलगाईसारख्या झाल्या. लोक वैतागले. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

तरी तिची भीती गेली नाही. सकाळी आल्या आल्या ती तो आकडा बघायची, जेवायच्या आधी बघायची, निघताना बघायची.

ऑगस्टातल्या बुधवारी, सलग पाचव्या दिवशीच्या पावसात, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती एका बाईचा अर्ज भरत होती. त्या बाईचं नाव टाइप करता करता वर भोंगा सुरू झाला. सुप्रियानं बटणाला हात लावलेला नव्हता. ते समजायला तिला एक क्षण लागला. मग तिनं मापाची खिडकी उघडली. आकडा तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

तिनं आबांना फोन लावला.

"आबा, निघा. चाचणी न्हाई ही."

"ऐकतोय भोंगा. तुझ्या आईला धाडलंय पुढं. शेरडं कोंडल्यात, तेवढी सोडतो आन..."

"आबा, आधी तुमी निघा."

फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला, तोवर ती चिखलातून वर पळायला लागली होती. गोरख मागून हाका मारत होता. शाळेच्या माळाकडं जाणारी पायवाट ओढ्याच्या कडेनं जाते. त्या वाटेवर तिनं चपला कुठं टाकल्या ते तिला पुढं कधी आठवलं नाही. तोंडानं ती मिनिटं मोजत होती. भोंगा वाजतच होता आणि तो वाजतोय तोवर वस्ती जागेवर आहे, एवढाच तिला आधार होता.

ती माळाच्या काठाला पोचली आणि, वरची वीज तुटली असावी, भोंगा थांबला.

मग तो आवाज आला. पुढं लोक विचारायचे, कसा होता, तर ती सांगू शकायची नाही. एवढंच सांगायची, की पायाखालची जमीन तिनं कानाआधी ऐकली. समोर कारवीचा हिरवा उतार अख्खाच्या अख्खा हलला, सावकाश निघाल्यासारखा वाटला आणि एकदम वस्तीवर बसला. लाल चिखलाची धार ओढ्यापर्यंत आली. भोंगा सुरू झाल्यापासून नऊ मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

माळावर माणसं भिजत उभी होती. कुणी रडत नव्हतं. पारूबाईनं लेकीला पाहिलं आणि पहिला शब्द काढला, "तुझं आबा?"

सुप्रिया मोजायला लागली. एकेकाच्या खांद्याला हात लावून, स्वतःला धरून मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. आबा नव्हते आणि अंबूबाई नव्हती.  चिखलाकडं बघायचं धाडस होईना आणि नजर तर तिकडंच जात होती. तिला शेरडांचा वाडा दिसत नव्हता. वाडा होता त्या जागी एक आडवं झाड होतं. आबा शेरडं सोडायला गेले, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं आणि ते आईला कसं सांगायचं हे तिला कळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली.

तेवढ्यात शाळेच्या मागच्या पडवीतून कुणीतरी खाकरलं. सुप्रिया धावत भिंतीला वळसा घालून गेली. पडवीत अंबूबाई पाय पसरून बसली होती आणि म्हादूआबा आपल्या मुंडाशानं तिचं डोकं पुसत होते.

"हिला पाठुंगळी आणली," ते म्हणाले. "दारातच बसली हुती. म्हनं माज्याच्यानं व्हत न्हाई, तुमी जा. मग काय करतो."

सुप्रिया त्यांच्या पायाशी चिखलातच बसली. तिनं त्यांचं धोतर मुठीत घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"शेरडं, आबा?"

म्हादूआबांनी मान हलवली. वाड्याची कडी काढायला त्यांनी हात घातला होता, तेवढ्यात त्यांना दारातली अंबूबाई दिसली. कडी लावलेलीच राहिली.

चार घरं गाडली गेली, त्यांत म्हादूआबांचंही एक. माणूस एकही गेलं नाही. पुढं काही दिवस पेपरवाले आले, साहेब आले, राजनंदिनीमॅडम आल्या. मॅडमनी लॉग काढून बघितला. हद्द ओलांडल्यापासून हुकूम सुटेपर्यंत एक सेकंदही गेला नव्हता. सुप्रियाला सगळे धीराची म्हणायला लागले. तिला ते ऐकून ओशाळल्यासारखं व्हायचं. तिला अजूनही एसटीत मागं बसवत नव्हतं आणि आभाळ भरून आलं की तळहाताला घाम यायचा.

वस्तीला मार्गासनीच्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. तिथं चरायला रान नव्हतं आणि चारायला म्हादूआबांकडं शेरडंही नव्हती. शेरडांविषयी त्यांनी महिनाभर तोंडातून शब्द काढला नाही.

मग नुकसानीचे अर्ज आले. एका सकाळी सुप्रियानं लॅपटॉप शेडमध्येच आणला आणि वडिलांसमोर बसली. "आबा, जनावरं किती, ते लिहायचंय."

"अकरा."

तिनं अकरा लिहिलं. 

"एक काळी हुती, एका कानाला पांढरं," ते म्हणाले. "तिला हाक मारली की मागं वळून बघायची, पन यायची न्हाई. एक तांबूस, ती गाभन हुती. दोन पाठी, बारक्या शेळ्या, जुळ्या हुत्या, तुझी आई सोडून कुनाच्या हातचा पाला खायच्या न्हाईत."

अर्जात याला जागा नव्हती. आकड्याचा एक चौकोन होता, तो भरून झाला होता. सुप्रियानं लॅपटॉप बाजूला सारला, गुडघे पोटाशी घेतले आणि म्हणाली, "सांगा आबा. पाचवी कुठली?"